किल्ली कोणाच्या खिशात

फ्रीजवाल्यांना वीज शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. नवख्याला शिकवणं सोपं, त्याला काहीच येत नसतं. या लोकांना निम्मं येतं, आणि ते निम्मंच माणसाचा जीव घेतं. बसऱ्यात वीस-वीस, पंचवीस-पंचवीस उन्हाळे काढलेले गडी हे. गच्चीवरच्या एसीला नुसता कान लावतील आणि सांगतील, कॉम्प्रेसर आता किती दिवसांचा सोबती. तांब्याची नळी मुठीत धरली की आत गॅस किती उरलाय ते त्यांना कळतं. हात हेच त्यांचं मीटर. आणि मी पहिल्या दिवशी वर्गात शिरलो तो ओरडलोच, "डावा हात खिशात घाला सगळ्यांनी!"

अकरा जण होते. अकराही जण माझ्याकडे असे बघायला लागले, जणू म्हातारा उन्हाने सटकलाय.

"उस्ताद, हात खिशात घालून काम करायचं तर मंत्रालयातच नोकरी दे की," छासेब म्हणाला. हा बंदरावरच्या मासळीच्या गोदामातला. पोट पुढे, तोंड त्याच्याही पुढे. सगळा वर्ग खिदळला.

"हस, लेका, हस," मी म्हणालो. "दोन्ही हात बाहेर असले ना, की वीज एका हातातून शिरते आणि दुसऱ्यातून निघते. वाटेत काय लागतं?"

"पोट," मागून कोणीतरी म्हणालं.

"छासेबच्या बाबतीत पोट. बाकीच्यांच्या बाबतीत काळीज."

चौतीस वर्षं मी वीज खात्यात खांबावर चढलो. माझ्याबरोबरचे तिघे खांबावरच राहिले, त्यांना मी माझ्या हाताने खाली उतरवलंय. म्हणून मला या विषयात थट्टा चालत नाही. निवृत्त झाल्यावर या प्रशिक्षण केंद्राने बोलावलं. गॅसचं काम सोडून वायरमन व्हायचंय अशा लोकांसाठी चार महिन्यांचा वर्ग काढलाय, शिकवाल का? म्हटलं शिकवतो. कोणाचे गुडघे गेलेले, कोणाची पाठ, कोणाला ऑगस्टमधल्या गच्च्यांचा वीट आलेला. त्यांची सगळ्यात वाईट खोड म्हणजे यंत्र न थांबवणं. गोदामात चाळीस टन पापलेट पडलेलं असतं, यंत्र थांबलं तर मालक जीव घेईल, म्हणून चालू यंत्रातच हात घालायचा, हे त्यांना पहिल्या उस्तादाने शिकवलेलं. जित्याची खोड ती.

मी प्रत्येकाला एकेक कुलूप दिलं. त्यावर रंगाने नाव लिहायला लावलं. लाईन बंद करायची, मेन स्विचला आपलं कुलूप घालायचं, किल्ली आपल्या खिशात. मग टेस्टर काढायचा. आधी चालू लाईनला लावून बघायचा, टेस्टर जिवंत आहे ना? मग आपल्या वायरला लावायचा. मग पुन्हा चालू लाईनला, मधल्या मधे टेस्टरच मेला नाही ना? असं तीनदा. आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: जो न तपासता हात घालेल, त्याला प्रमाणपत्र नाही.

"विजेच्या कामात सख्ख्या बापाचा शब्दही खरा धरायचा नाही," मी म्हणालो. "लाईन बंद आहे असं बाप म्हणाला तरी तपासायचं. मी म्हणालो तरी तपासायचं."

"आणि बायको म्हणाली तर?" छासेब.

"बायकोचं ऐक. नाहीतर उपाशी मरशील."

त्या हशात एक माणूस हसता हसता खोकायला लागला आणि खोकतच राहिला. तो मिझबान.

मिझबान शेहेचाळीस वर्षांचा, उंच, हाडकुळा. सत्तावीस वर्षं गॅसच्या कामात घालवलेली. बंद शीतगृहात नळ्या जोडताना आत उरलेला गॅस जळतो, त्याचा धूर छातीत जातो. कितीदा गेला असेल त्याची मोजदाद नाही. डॉक्टरने त्याला स्पष्ट सांगितलं होतं, हे काम सोड, नाहीतर आणखी दोन उन्हाळे, तिसरा दिसायचा नाही. सरकारी इस्पितळात वायरमनची एक जागा होती. काम इमारतीच्या आत, सावलीत. तिथल्या साहेबाने शब्द दिला होता, सप्टेंबरअखेर प्रमाणपत्र घेऊन ये, जागा तुझी.

त्यामुळे तो शिकायचा तसा कोणी शिकला नाही. पहिल्या महिन्यात त्याचा डावा हात आपोआप बाहेर यायचा, नळी चाचपायला निघायचा, आणि मी पट्टीने त्या हातावर सपकन मारायचो. शेहेचाळीस वर्षांचा बाप्या, चार लेकरांचा बाप, पण हूं की चूं नाही. "चुकलं, उस्ताद," म्हणायचा आणि हात खिशात. दुसऱ्या महिन्यात त्याने पँटचा डावा खिसा शिवून लहान करून घेतला, हात एकदा गेला की चटकन निघू नये म्हणून. हे मला त्याच्या बायकोने नंतर सांगितलं.

आता माझ्या घराचं सांगतो. लाज वाटते, पण सांगतो.

माझ्या बायकोची, उम्म रिहाबची, दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. आठवड्यातून दोनदा इस्पितळात रक्त धुऊन आणायचं. आमची एकुलती एक मुलगी रिहाब लग्न होऊन करबल्याला. घरात आम्ही दोघंच. बसऱ्याच्या ऑगस्टमध्ये धडधाकट माणूस उकडून निघतो, तिथे या बाईला एसीशिवाय एक तास काढणं म्हणजे शिक्षा. आणि सरकारी वीज दोन तास येते, दोन तास जाते. गल्लीतला जनरेटरवाला सोनेरी लाईन देतो, म्हणजे सरकारी असो नसो, ती चोवीस तास जिवंत. चार वर्षांपूर्वी ती इस्पितळातून पहिल्यांदा घरी आली, त्याच दिवशी मी सोनेरी लाईनची एक वायर गच्चीवरून थेट तिच्या एसीला जोडली. मेन स्विचला वळसा घालून. कपाटामागे एक छोटा रिले बसवला. सरकारी वीज गेली रे गेली, की तो टक् करून एसीला जनरेटरवर टाकायचा. ना त्या वायरला स्विच, ना तिच्यावर चिठ्ठी. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला वर्गातून हाकलला असता. स्वतःच्या घरात केलं आणि विसरून गेलो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

परीक्षेला नऊ दिवस उरले होते तेव्हा तो एसी थंड करीना. शरजी वारा सुटलेला, हवा इतकी ओली की भिंतींना घाम. शहरातले सगळे फ्रीजवाले कोणाच्या ना कोणाच्या गच्चीवर. चार जणांना फोन केले, चौघेही म्हणाले परवा. उम्म रिहाब ओला टॉवेल छातीवर घेऊन पडलेली, ओठ पांढरे. परवापर्यंत ती कुठली राहते!

मी मिझबानला फोन केला.

ज्या माणसाला चार महिने ओरडून सांगितलं, गॅसला हात लावू नकोस, त्यालाच मी गॅसच्या कामाला बोलावलं. "आलोच, उस्ताद," म्हणाला. अर्ध्या तासात दारात.

"खाला, कशा आहात?" त्याने आत डोकावून विचारलं.

"तुझ्या उस्तादाला विचार. तो म्हणतो छान आहे," उम्म रिहाब म्हणाली. तिचं तोंड तशातही तिखट. "आधी चहा पी, बाळा. सुक्या लिंबाचा आहे, छातीला बरा."

"आधी हवा थंड करतो, मग चहा."

मी खाली जाऊन मेन स्विच पाडला. माझं कुलूप घातलं. किल्ली खिशात टाकली. अगदी वर्गात शिकवतो तसं. आणि मी स्विच पाडला त्याच क्षणी कपाटामागचा रिले टक् करून सोनेरी लाईनवर गेला असणार. मी तो आवाज ऐकला नाही. मी खाली होतो.

गच्चीवर मिझबानने एसीचं बाहेरचं खोकं उघडलं होतं. कान लावून ऐकत होता. आतून चूं नाही, कारण उम्म रिहाबने रिमोटने बंद केलेलं. त्याने मला पाहिलं आणि पिशवीतून टेस्टर काढला.

"उस्ताद, इथे जवळपास चालू लाईन कुठे मिळेल? आधी टेस्टर बघून घेतो."

माझं डोकं तापलेलं. ऊन मी म्हणत होतं, खाली बायको तळमळत होती आणि हा माझ्याच घरात मला पाठ म्हणून दाखवत होता. मला ते लागलं. का लागलं? सांगतो की: मला वाटलं हा माझ्यावर विश्वास ठेवत नाही.

"अरे, माझ्या गच्चीवर माझीच परीक्षा घेतोस का?" मी खेकसलो. "कुलूप मी घातलंय. ही बघ किल्ली. ती बाई खाली मरतेय आणि तुझं तपासणं चाललंय!"

मी किल्ली त्याच्या नाकासमोर हलवली.

तो ओशाळं हसला. "तसं नाही, उस्ताद. तुमचं काय तपासायचं," म्हणाला आणि टेस्टर पिशवीत परत ठेवला. उजवा हात खोक्यात घातला. डावा खिशातच होता, हे मी शपथेवर सांगतो. मग त्याला खोकल्याची उबळ आली, तो वाकला, आणि तोल सावरायला डावा हात बाहेर येऊन कठड्याच्या लोखंडावर गेला.

तो ओरडला नाही. दातांवर दात आपटल्याचा आवाज तेवढा आला. मग तो मागे फेकला गेला आणि पाण्याच्या टाकीवर आदळला. करपल्याचा वास आला. तो वास मी ओळखतो.

जगला. उजव्या हाताची दोन बोटं, तर्जनी आणि तिच्याशेजारचं, इस्पितळात कापावी लागली.

पाचव्या दिवशी त्याचा चुलता हाजी सवादी दोन भावांना घेऊन माझ्या घरी आला. मिझबानलाही आणलं, हाताला पांढरं गाठोडं बांधलेलं. मी कॉफी दिली. चौघांनीही कप उचलून चटईवर, आपापल्या पुढ्यात ठेवले. मागणं पुरं झाल्याशिवाय कप ओठाला लावायचा नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. खोलीत पंखा फिरत होता आणि चार कपांतली वाफ कमी कमी होत होती.

"अबू रिहाब," हाजी सवादी मला म्हणाला, "आम्ही भांडायला आलो नाही. आमच्या पोराचा हात तुमच्या छताखाली गेला. एकच विचारतो. लाईन कोणी बंद केली होती? किल्ली कोणाच्या खिशात होती?"

माझ्या, म्हणायचं होतं. दोन अक्षरं. ती म्हटली असती तर दोन्ही घराण्यांची बैठक बसली असती, माझ्या भावांना माना खाली घालून भरपाईचं बोलावं लागलं असतं. केंद्रातून मला हाकललं असतं, वर्गातली अकरा माणसं माझ्या नावावर थुंकली असती. हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं. मी तोंड उघडलं. उघडलं होतं, हे खरं.

"माझ्या," मिझबान म्हणाला.

चुलत्याने त्याच्याकडे मान वळवली.

"लाईन मीच बंद केली, चाचा. किल्ली माझ्याच खिशात होती. मी तपासलं नाही. घाई केली. उस्ताद तर खाली खालापाशी होते."

"देवाशपथ?"

"चाचा, यांनी मला बापासारखं शिकवलंय. कॉफी प्या. थंड होतेय."

हाजी सवादीने त्याच्या हाताच्या गाठोड्याकडे पाहिलं. मग कप उचलला. भावांनी उचलले. मिझबानने डाव्या हाताने उचलला, थोडी कॉफी सांडली. आणि मीसुद्धा प्यालो. ती कडू कॉफी माझ्या घशाखाली उतरली, मला ठसका लागला नाही, काही झालं नाही.

पडद्यामागे उम्म रिहाब होती. अपघाताच्या दिवशी दुपारी मी किल्ली खिशातून काढून तिच्याच उशाशी टाकली होती, ते तिने पाहिलं होतं. ते लोक गेल्यावर ती म्हणाली, "पोराने हात दिला. तू जीभ पण नाही दिलीस." त्यानंतर कित्येक दिवस ती माझ्याशी फक्त गोळ्यांपुरतं बोलली.

मला वाटलं होतं, गोष्ट घरातल्या घरात मिटली. कसली मिटते! चुलत्याने चार ठिकाणी सांगितलं, छासेबने आणखी दहा ठिकाणी. केंद्राच्या प्रमुख सुहैरबाईंनी मला बोलावलं. समोर मिझबानचा अर्ज होता. डाव्या हाताने परीक्षा देऊ द्या, म्हणून. अक्षर वेडंवाकडं, पण सगळं बरोबर लिहिलेलं.

"उस्ताद, मला त्याचं फार वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "पण तो स्वतःच म्हणतो की तपासलं नाही. प्रशिक्षण चालू असताना झालंय हे. नियम तुमचाच आहे, भिंतीवर तुमच्याच हातचा. तुम्ही सांगाल तसं करू. सूट द्यायची का?"

बघा, देवाने मला दुसऱ्यांदा दार उघडून दिलं. एकदा चुकलेल्याला पुन्हा कुठे विचारतात! पण सूट का द्यायची, असं त्या विचारणार होत्या. आणि त्याचं खरं उत्तर एकच होतं.

"नियम म्हणजे नियम," मी म्हणालो. माझा आवाज किती ठाम होता, अजून आठवतो. कागदावर सही केली.

छासेब पास झाला. दहाही जण पास झाले. इस्पितळातली जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. मिझबान गॅसकडे परत गेला. दुसरं काय येत होतं त्याला? दोन बोटं कमी असली तरी नळी मुठीत धरता येते.

त्याला भेटायला मी गेलो नाही. दोनदा निघालो, एकदा तर त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो, बर्ही खजुराची पिशवी घेऊन. परत आलो. खजूर मीच खाल्ले. भेकड माणसालाही भूक लागतेच.

यंदा ऑगस्टमध्ये एसी पुन्हा थंड करीना. मी फोन शोधत होतो, तेवढ्यात दारावर थाप पडली. मिझबान. उम्म रिहाबने बोलावलं होतं, मला न विचारता. तो आणखी वाळला होता. जिना चढताना प्रत्येक चौथ्या पायरीवर थांबायचा, भिंतीला हात लावायचा आणि मग वर बघून हसायचा.

"वय झालं, उस्ताद."

"सत्तेचाळीसला कसलं वय?" मी म्हणालो आणि जीभ चावली.

सोनेरी लाईनचा तो वळसा मी केव्हाच काढून टाकला होता. आता तिला स्वतःचा स्विच होता, चिठ्ठी होती. मी दोन्ही स्विच पाडले. "दोन्ही बंद आहेत," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. पिशवीतून एक कुलूप काढलं, त्यावर लाल रंगाने 'मिझबान' लिहिलेलं, माझ्या वर्गातलं. ते दोन्ही स्विचच्या कड्यांतून ओवून लावलं. किल्ली खिशात टाकली. मग टेस्टर काढला. जिन्यातल्या शेजाऱ्याच्या चालू दिव्याला लावून पाहिला. गच्चीवर आला, खोकं उघडलं, तिन्ही वायरींना एकेक करून टेस्टर लावला. पुन्हा जिना उतरला, थांबत, खोकत. दिव्याला पुन्हा लावून पाहिला. पुन्हा वर चढला. एवढा वेळ डावा हात खिशात होता. तो शिवून लहान केलेला खिसा अजून तसाच होता.

चार महिन्यांत अकरा जणांना शिकवलं, त्याआधी खात्यात कितीतरी जणांना. इतकं चोख कोणी केलेलं मी पाहिलं नाही.

"बरोबर आहे ना, उस्ताद?" त्याने विचारलं. टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर बरं झालं असतं. तो खरंच विचारत होता.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"कुठे चुकलं असेल तर सांगा."

"नाही. सगळं बरोबर आहे."

त्याचं समाधान झालं. मग त्याने नळीवरून तीन बोटं फिरवली, गळती शोधली, तोंडाला रुमाल बांधला आणि जोड लावायला ज्योत पेटवली. धूर वर आला. तो खोकत होता, आणि मी बाजूला सावलीत उभा होतो.